आप्पांचे खडूचे तालुके

आमच्या ऑफिसच्या फरशीवर खडूने एकवीस चौकोन आखलेले आहेत. अकरा सातारा जिल्ह्याचे, दहा सांगलीचे, आणि प्रत्येकात तालुक्याचं नाव. महाबळेश्वर माझ्या खुर्चीखाली येतं, जत पार बाथरूमच्या दारापाशी. पहिल्यांदा येणारा माणूस विचारतो, "इथं पाळणाघर पण चालवता का?" तेवढ्यात मिलिटरी कट मारलेले, साठीकडे झुकलेले एक गृहस्थ हातात छापील कागद घेऊन येतात, पाटणमधून कराडात पाय टाकतात, थबकतात आणि स्वतःलाच दरडावून विचारतात, "थम! कौन आता है?" पाहुणा पुढे काही विचारत नाही.

हे आमचे मायाप्पा. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. जत तालुक्यातले, मेंढपाळाच्या घरातले. फौजेत वीसेक वर्षं क्लार्क होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले. ज्या वयात माणसं सकाळी बागेत फिरायला जातात त्या वयात त्यांनी डेटाबेसचा कोर्स केला आणि पोवई नाक्याजवळच्या, टायरच्या दुकानावरच्या आमच्या सहा माणसांच्या ऑफिसात येऊन दाखल झाले. कागदोपत्री मी त्यांची वरिष्ठ. मी वाईची, पुण्यात नऊ वर्षं नोकरी करून परत आलेली, आणि डेटाबेसमधलं आपल्याला बऱ्यापैकी कळतं असं समजणारी. आप्पा मला 'मॅडम' म्हणतात आणि माझं काहीही ऐकत नाहीत.

आमचं काम आधी सांगते, म्हणजे चौकोनांचा उलगडा होईल. दोन्ही जिल्ह्यांत शेळ्या-मेंढ्यांच्या कानात पिवळे बिल्ले मारतात आणि त्यांना लसी टोचतात, त्याची नोंद ठेवणं हे आमचं काम. लस टोचणारी मुलगी रानात उभी राहून मोबाईलवर मालकाचं नाव, तालुका आणि बिल्ल्याचे नंबर भरते. ती ओळ आमच्याकडे एका भल्यामोठ्या तक्त्यात येऊन बसते. तक्ता इतका वाढला की हलता हलेना, म्हणून त्याचे तालुकावार कप्पे केले. ओळ आली की तिचा तालुका बघायचा आणि त्या कप्प्यात घालायची. कप्पा नाही सापडला तर ओळ परत. ओळ परत गेली की मोबाईलवर हिरवी खूण उमटत नाही, आणि हिरवी खूण उमटल्याशिवाय सुई टोचायची नाही असा वरून आलेला नियम आहे. म्हणजे साताऱ्यात ओळ अडली की तिकडे आटपाडीत मेंढी खोळंबते.

ओळ का अडली हे शोधायची माझी पद्धत जगन्मान्य आहे. मी स्क्रीनकडे बघते, चहा पिते, पुन्हा बघते. आप्पांची पद्धत म्हणजे अडलेली ओळ कागदावर छापायची, कागद कुणाच्या तरी हातात द्यायचा आणि त्या माणसाला ओळ समजून चौकोनांतून चालवायचं. प्रत्येक चौकोनाच्या वेशीवर आप्पा पहारेकरी होऊन उभे राहतात आणि तीन प्रश्न विचारतात. कुणाचा हाय? कुठला हाय? कवा आला? उत्तर जुळलं तर आत, नाहीतर पुढे चला. या पद्धतीने मी आजवर माणची बोकडं, खटावच्या शेळ्या आणि एकदा फलटणची गाभण मेंढी झालेली आहे. आई विचारते, आज ऑफिसात काय केलंस? मी सांगत नाही.

एकदा पुण्याहून मोठे साहेब काम बघायला आले. नेमकी त्याच वेळी एक ओळ अडलेली होती. आप्पांनी त्यांच्या हातात कागद दिला. साहेब हसत हसत उभे राहिले. "कुठला हाय?" आप्पांनी दरडावलं. साहेब कागद विसरले आणि म्हणाले, "तसे आम्ही मूळचे कोरेगावचे, पण आता दोन पिढ्या पुण्यात." "दोन गावं सांगितली की भाईर," आप्पा म्हणाले आणि साहेबांना दंडाला धरून जिन्यापर्यंत सोडून आले. मी चहा सांगायच्या निमित्ताने खाली पळाले. वर आले तेव्हा साहेब पुन्हा कागद घेऊन उभे होते आणि या खेपेला नीट वाचून उत्तरं देत होते. जाताना म्हणाले, हे कप्प्यांचं प्रकरण मला आज पहिल्यांदा समजलं.

आप्पांच्या भाषेत एरर हा शब्द नाही. ते 'निरोप' म्हणतात. लाल अक्षरं उमटली की मी कपाळाला हात लावते, आणि आप्पा चष्मा पुसून खुर्ची पुढे ओढतात. "मॅडम, निरोप आलाय."

"बघितला मी. पुन्हा तेच रडगाणं."

"आवं, त्यो रडत न्हाई, त्यो सांगतोय. तुमी पैली ओळ वाचून उठताय. पुरा वाचा की."

मी पुरा वाचते, आणि दहातल्या आठ वेळा खुलासा शेवटच्या ओळीत असतो. यासारखी चीड आणणारी दुसरी गोष्ट नाही. काम फत्ते झालं की आप्पा आत गेलेल्या ओळी बोटाने मोजतात, तेही कानडीत. ओंदु, एरडु, मूरु. मेंढरं वडील कानडीतच मोजायचे, मराठीत मोजली की एखादं कमीच भरतं, असं त्यांचं म्हणणं.

आमचं एकदाच मोठं वाजलं. सुरुवातीला तालुक्याचं नाव मुली हाताने टाईप करायच्या, त्यामुळे दिवसाला पाच-सहा ओळी अडायच्या आणि पाच-सहा फोन यायचे. मी वैतागून एका शुक्रवारी 'इतर' नावाचा एक कप्पा केला. ज्याचा तालुका जुळत नाही त्याने 'इतर'मध्ये जाऊन बसावं. दुपारपासून फोन बंद. मी स्वतःवर इतकी खूश झाले की खाली जाऊन सगळ्यांना भेळ आणली.

आप्पांनी भेळ खाल्ली नाही. पाण्याच्या फिल्टरमागे, जिथे कुणी जात नाही, तिथे त्यांनी खडूने एक गोल काढला. "ह्यो कप्पा न्हवं मॅडम. ह्यो माळा हाय. हितं टाकल्यालं कोन बगतंय?"

"कुणी बघायचं कारणच काय? मेंढीला लस मिळाली ना?"

"आज मिळाली. पुडच्या डोसाला तिला हुडकायची कुटं?"

मी त्यांना जुन्या वळणाचे म्हणाले. तीन महिन्यांनी एका तालुक्याचे दोन कप्पे करायचा हुकूम आला आणि डेटाबेसने मला नवीन कप्पा करूच दिला नाही. या वेळी मी निरोप पुरा वाचला. ज्यांच्यासाठी नवीन कप्पा करताय त्यांतले काही जण आधीच 'इतर'मध्ये बसलेत, त्यांना आधी हलवा, असं त्याचं म्हणणं होतं. मी 'इतर' उघडून पाहिलं. आत चारशेच्या वर ओळी होत्या. आप्पा माझ्या खुर्चीमागे उभे होते. मी मागे न बघता म्हणाले, "बोला, काय बोलायचंय ते." त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि पहिली ओळ वाचायला घेतली. मला शरम वाटली.

पुढचे अकरा दिवस आप्पांनी एकेका ओळीचा माग काढला. कुणी तालुक्याच्या जागी गावाचं नाव टाकलेलं, कुणी देवाचं. बऱ्याच ठिकाणी 'पाटलाचं रान' किंवा 'माळ्याचा मळा' असं काहीतरी होतं. हे काय गौडबंगाल ते मला कळेना. आप्पांना लगेच कळलं. मेंढपाळ चाऱ्यामागं फिरत असतात, आणि खतासाठी शेतकरी त्यांची मेंढरं रानात बसवून घेतात. लस टोचणारीने विचारलं, तुमी कुठलं? तर ते बिचारे आज मुक्काम जिथे आहे ते रान सांगत होते. त्यांच्या दृष्टीने उत्तर अगदी बरोबर होतं. आप्पांनी मग पाटलांना फोन लावले, माळ्यांना लावले, "तुमच्या रानात बसल्याली मेंढरं कुनाची वो?" असं विचारत माणसं हुडकली.

"एवढं कशाला जिवाला लावून घेता?" मी म्हणाले.

"शाळंत मास्तरनं माजं नाव हजेरीपटाच्या मागल्या पानावर लिवल्यालं," आप्पा हसत म्हणाले. "गाव सांगता येईना न्हवं. वर्स संपलं की पटावरची पोरं दुसरीत, आनि मी मागल्या पानावर. तीन वर्सं पैली केली बगा मी. लय पक्की झाली."

शेवटी साठेक ओळी अशा उरल्या की ज्यांना खरोखरच एक तालुका नव्हता. वर्षातले आठ महिने वाटेवर. त्यांच्यासाठी आम्ही 'फिरस्ती' नावाचा बाविसावा कप्पा केला आणि 'इतर' कायमचा काढून टाकला. फिरस्तीच्या दारावर मी एक अट घातली. तालुका नाही तर नाही, पण मोबाईल नंबर हवाच, नाहीतर यांना परत शोधणार कसं? आप्पा म्हणाले, बरोबर हाय. त्या ओळी त्यांनी स्वतः भरल्या. खडूचा चौकोन मात्र त्यांनी फिरस्तीला दिला नाही, फिरणाऱ्याला चौकट कशाला, म्हणाले.

हे सगळं सांगायचं कारण गेल्या नोव्हेंबरातली दुपार.

वरून सूचना आली होती की खोट्या नोंदींना आळा घाला. एकाच मोबाईल नंबरावर भाराभर मालक दाखवून नुसतीच कागदी मेंढरं टोचली जातात अशी शंका होती. मी लगेच एक नियम लिहिला. एका नंबरावर पाचांपेक्षा जास्त मालक असतील तर ती ओळ घ्यायचीच नाही, आणि त्या नंबरच्या सगळ्या जुन्या नोंदी तपासून रद्द करायच्या. नियम सोमवारी लावला. बुधवारी आप्पा सकाळपासून बँकेत गेले होते. पेन्शनसाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. "जित्ता हाय म्हनून सांगून येतो," असं म्हणून गेले, आणि घाईत फोन टेबलावरच चार्जिंगला राहिला. मधे तो दोनदा वाजला, पण दुसऱ्याचा फोन म्हणून मी उचलला नाही.

दीडच्या सुमाराला फलटणहून प्रतीक्षाचा फोन आला. लस टोचणारी ही मुलगी त्या भागात नवीनच होती. "मॅडम, ओळ जात न्हाई. केराबाई म्हणून हैत, जतकडच्या, फिरस्तीतल्या. चाळीस मेंढरं. आधीच्या दोघांचं झालं, ह्यांचंच नाकारतंय."

"उद्या बघूया का?"

"उद्या न्हाई जमायचं. पहाटं त्यांचा कळप हलणार हाय, आनि म्होरल्या वाटंवर एका कळपात देवी दिसल्यात. मी लस कालवून बसलीय मॅडम. दोन तासांत टोचायला लागती, न्हाईतर फेकून द्यायची."

मेंढ्यांत देवी शिरल्या की कळपचे कळप आडवे होतात, एवढं आता मलाही माहीत होतं. मागे कुणीतरी म्हातारी आवाजात विचारत होतं, "व्हतंय का न्हाई, बाई?"

स्क्रीनवर निरोप होता, 'नोंद नाकारली.' बस्स. हा असला मुका निरोप कुणी लिहिला म्हणून मी मनातल्या मनात त्याचा उद्धार केला. मग ओळ छापली, कागद हातात घेतला आणि इकडेतिकडे बघून चौकोनांत उतरले. कुणाची? केराबाईची. कुठली? फिरस्ती. कवा आली? आज. कप्पा होता, तारीख बरोबर होती, बिल्ल्यांचे नंबर बरोबर होते. तिन्ही प्रश्नांची उत्तरं जुळत होती आणि तरीही ओळ परत येत होती. म्हणजे तिला कप्प्यांच्याही अलीकडे, मुख्य दारातच कुणीतरी अडवत होतं. दारात सोमवारी मी बसवलेला माझा नियम होता, आणि तो मुका निरोपही माझ्याच हातचा होता.

मी केराबाईंच्या ओळीतला मोबाईल नंबर शोधला. एक-दोन नव्हे, तेवीस मालकांच्या नावापुढे तोच नंबर. सगळे फिरस्तीतले. माझं डोकं सणकलं. म्हणजे वरच्यांची शंका खरी, आणि आमच्या नाकाखाली कुणीतरी खोटी मेंढरं टोचतंय. त्या माणसाला चांगला फैलावर घ्यायचा म्हणून मी ऑफिसच्या फोनवरून तो नंबर फिरवला.

समोरच्या टेबलावर आप्पांचा फोन वाजायला लागला.

मी ठेवला, परत फिरवला. परत तोच वाजला. आप्पांचा नंबर मी कधी पाठ केलाच नव्हता, मोबाईलमध्ये नावानेच होता. मी रिसीव्हर ठेवला आणि यादीतली नावं पुन्हा एकेक करून वाचली. आप्पा आणि खोटं हे माझ्या मनात कुठल्याच कप्प्यात बसेना. पण तेवीस ओळी समोर होत्या.

अडीचला आप्पा आले, हातात दाखल्याची पावती. "दिला बगा जित्ता असल्याचा पुरावा," असं म्हणत डब्याकडे वळले आणि माझा चेहरा बघून थांबले. मी स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली.

त्यांनी ती यादी पुरी वाचली. मान खाली घातली.

"फोन न्हाईत त्यांच्याकडं, मॅडम," ते हळू म्हणाले. "तुमी म्हनला, नंबर पायजेच. कुनाचा तरी द्यायला पायजे म्हनून माजा दिला."

"मला सांगायचं नाही?"

"सांगनार व्हतो. ऱ्हाऊन गेलं."

"पण मग अडीअडचणीला त्यांना शोधणार कसं? नंबर तुमचा आहे."

"मला ठावं असतंय की. केराबाई फलटनला हाय. धुळाप्पा कोरेगावच्या अलीकडं हाय, त्याचं एक मेंढरू लंगडतंय. करत्यात फोन. मुक्काम पडला की कुनाचा तरी फोन मागून घेत्यात. नंबर लिवून कागुद दिलाय मी समद्यांस्नी, चंचीत ठिवलाय."

"तेवीस जण फोन करतात?"

"रोज कुनी ना कुनी करतंय." त्यांनी पावतीची घडी घातली, उघडली, परत घातली. "मंडळी गेल्यापासनं माजा फोन वाजवतंय कोन? बँक, न्हाईतर तुमी. तुमी बी ओळ अडली की." मग एकदम उभे राहिले, जसे फौजेत राहत असतील तसे. "तुमचा नियम बरोबर हाय. चूक माजी हाय. माजा नंबर काडून टाका आनि केराबाईचं तेवडं करा. येळ चाललाय."

नंबर काढायला माझा हात उचलेना, हे मी सरळ सांगते. मला रडू येत होतं आणि घड्याळात पावणेतीन झाले होते. मी नियम उघडला. फिरस्तीच्या कप्प्याला पाचाची मर्यादा नाही, पण तिथे नंबर देणाऱ्याने महिन्यातून एकदा प्रत्येक मालकाचा ठावठिकाणा भरायचा, अशी दुरुस्ती केली. शिवाय निरोप नीट लिहिला. ओळ कुठल्या नियमाने अडली, कुठला नंबर, काय केलं की आत जाईल, सगळं. वरच्यांना खुलासा मी माझ्या सहीने पाठवणार होते. आप्पा मागे उभे राहून प्रत्येक शब्द वाचत होते.

"प्रतीक्षा, आता पाठव."

अर्ध्या मिनिटाने फलटणहून आवाज आला, "हिरवी आली, मॅडम."

आप्पा आत आलेल्या ओळी बघत राहिले. चाळीस बिल्ले, एकाखाली एक. मी विचारलं, "मोजायच्या नाहीत?" "आदी टोचून हुं द्या," ते म्हणाले.

सव्वातीनच्या पुढे त्यांचा फोन वाजला. प्रतीक्षाच्या नंबरवरून केराबाई बोलत होती. आप्पांना एका कानाने कमी ऐकू येतं, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर असतो, त्यामुळे सगळं आम्हालाही ऐकू आलं.

"आप्पा, झालं बगा समद्यांचं. येक बी ऱ्हायलं न्हाई."

"कोकरांचं?"

"त्यांचं बी. ही पोरगी लय गुनाची हाय. सुई कळूच देत न्हाई."

"उन्हातनं नगा हलवू आज त्यास्नी. आनि उद्या जिथं देवी दिसल्यात त्या अंगाला जाऊ नगा. कॅनॉलच्या वरल्या बाजूनं जावा."

"जातो. तुमी कुटं व्हता सकाळपासनं? पोरीच्या फोनवरनं दोनदा लावला, कोन उचलंना. माज्या जिवाला घोर लागला."

"बँकंत गेल्तो."

"मंग जेवलासा का न्हाई अजून?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मग बांधलेल्या डब्याकडे.

"न्हाई. बसतोच आता."

"बसा मंग. मी हाय हितं फोनवर."

आप्पांनी फोन डब्याला टेकवून उभा केला, डबा सोडला आणि भाकरी मोडली.